हृदयविकार: मराठवाड्यातले रुग्ण आणि नातेवाईक सतत विचारतात ते प्रश्न

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. खालची उत्तरं आपल्या आठ जिल्ह्यांची परिस्थिती धरून दिली आहेत. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, परंड्याचा माणूस बार्शी गाठतो आणि आष्टीचा अहिल्यानगर. मुंबई-पुण्याच्या रुग्णासाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. हे वाचून चालू गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बदलू नका.

छातीत जळजळतंय, ढेकरही येतोय. गॅस आहे की अटॅक, घरी कसं ओळखायचं?

घरी ओळखता येत नाही. मला दवाखान्यातही नुसतं बघून ओळखता येत नाही, म्हणून तर ईसीजी काढायचा. हृदयाच्या खालच्या भिंतीला अटॅक आला की दुखणं पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागात जाणवतं, मळमळतं, उलटी होते, ढेकरही येतात. ढेकर आल्यावर बरं वाटलं म्हणजे गॅसच होता, असं धरून चालू नका. छातीच्या मधोमध दाब येणं, दुखणं जबड्यात, खांद्यात किंवा हातात उतरणं आणि दरदरून घाम येणं ही नेहमीची लक्षणं. शुगरच्या पेशंटला कधीकधी दुखतच नाही, नुसता दम लागतो. बायकांना थकवा येतो, पाठ दुखते, जीव घाबरा होतो. ‘काम जास्त झालं असंल’ म्हणत त्या आणखी चार भाकरी थापून मग आडव्या होतात.

आपल्याकडचा ठरलेला क्रम असा: आधी ओवा, मग सोडा, मग मेडिकलमधून गॅसची गोळी, मग गल्लीतल्या डॉक्टरांचं कमरेतलं इंजेक्शन, आणि पहाटे गाडीची शोधाशोध. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या देशव्यापी नोंदणीत २०,४६८ रुग्णांची माहिती होती. त्यातल्या निम्म्या लोकांना दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचायला सहा तासांहून जास्त वेळ लागला. दवाखान्यात आल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू व्हायला मात्र निम्म्या लोकांना ५० मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ लागला. उशीर कुठे होतो ते यात दिसतं.

पंधरा मिनिटं स्वस्थ बसूनही दुखणं थांबलं नाही किंवा सोबत घाम असेल, तर ईसीजी काढा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

गाडी येईपर्यंत घरात काय करायचं?

पेशंटला बसवा किंवा टेकवून निजवा, चालवू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत नसेल आणि लकव्याचं लक्षण नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. विरघळणारी गोळी असेल तर घोटभर पाण्यातून चालते.

जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याच्या डब्यातून आणून देऊ नका. तिनं बीपी एकदम खाली येतं. काही अटॅकमध्ये बीपी आधीच पडलेलं असतं, त्यात ही गोळी घेऊन उभा राहिलेला माणूस कोसळतो. ज्याला डॉक्टरांनी आधीपासून लिहून दिली आहे त्यानंच घ्यावी, तीही बसून.

१०८ची वाट बघायची की जीप करायची?

१०८ला लगेच फोन लावा, सेवा मोफत आहे. गाडी किती वेळात पोचेल ते फोनवरच विचारा. अर्ध्या तासाच्या पुढे सांगितलं तर दारात असेल ती चारचाकी काढा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून, गमजानं बांधून आणलेले पेशंटही येतात. वस्तीवरून दुसरा मार्गच नसेल तर बोलायला जागा नाही, पण पेशंटनं स्वतः गाडी चालवायची नाही.

कुठे न्यायचं हे त्या वेळी ठरवायला बसलात तर भावाचा फोन, पाहुण्यांचा फोन, सरपंचांचा फोन यात तास जातो. त्यापेक्षा घरात कुणी आजारी नसताना दोन गोष्टी विचारून ठेवा: आपल्या जवळ रात्री ईसीजी कुठे निघतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कुठे शिल्लक असतं. प्रत्येक ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात उत्तर सारखं नसतं.

तालुक्याला इंजेक्शन घ्यावं की थेट संभाजीनगर, नांदेड, लातूर, सोलापूर गाठावं?

सगळ्यात जास्त जीव या एका निर्णयावर जातात किंवा वाचतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोठ्या अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीनं पूर्ण बंद झालेली असते. ईसीजीत एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसतो. नळी बंद असेपर्यंत पलीकडचा स्नायू मरत राहतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. नळी उघडण्याचे मार्ग दोन: कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या नळ्यांवर उपचार करायच्या खोलीत) अँजिओप्लास्टी, म्हणजे फुगा घालून नळी उघडणं, नाहीतर शिरेतून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. वेळेत झाली तर अँजिओप्लास्टी सरस, यात वाद नाही. आंद्रेआस ग्रुएंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये पहिली अँजिओप्लास्टी केली, आणि आज ती आपल्या जिल्ह्यांच्या मोठ्या शहरांतही होते. पण अट वेळेची आहे. निदान झाल्यापासून १२० मिनिटांत नळी उघडणार असेल तर अँजिओप्लास्टी, नाहीतर आहे तिथेच इंजेक्शन, असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. १२० मिनिटांत नुसता प्रवास धरू नका. गाडी मिळणं, रस्ता, दारातले कागद, पैशांची जुळवाजुळव, रात्री डॉक्टर आणि टेक्निशियन घरून येणं, हे सगळं त्यात आलं. उमरगा, किनवट, आष्टी, सेनगाव इथून हा हिशोब बसवून बघा.

स्ट्रेप्टोकायनेज अर्धा ते एक तास सलाईनमधून द्यावं लागतं. टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे एकाच वेळी, काही सेकंदांत दिलं जातं, म्हणून छोट्या दवाखान्याला ते सोयीचं. १९८८ च्या ‘आयसिस-२’ अभ्यासात १७,१८७ रुग्ण होते. ज्यांना ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालं, त्यांच्यातले ८ टक्के पाच आठवड्यांत दगावले. ज्यांना दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही, त्यांच्यातले १३.२ टक्के. ना कॅथलॅब होती, ना स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी).

इंजेक्शनच्या मर्यादाही ऐका. साधारण तिघांतल्या एकाची नळी नीट उघडत नाही आणि त्याला तातडीनं पुढे हलवावं लागतं. शंभरात एखाद्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी लकवा, अलीकडचं ऑपरेशन, डोक्याला मार असं काही झालंय का ते डॉक्टर खोदून विचारतात. ७५ च्या पुढच्या वयात टेनेक्टेप्लेजचा डोस निम्मा करतात. आणि इंजेक्शननं बरं वाटलं म्हणजे संपलं असं नाही: २ ते २४ तासांत अँजिओग्राफी (औषध सोडून नळ्यांचे फोटो काढणं) व्हायला हवी. आधी इंजेक्शन, मग प्रवास, हा क्रम.

तमिळनाडूत छोटी रुग्णालयं मोठ्या कॅथलॅबला जोडून हीच पद्धत राबवली गेली. २०१७ मध्ये तिचे आकडे आले: वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर उतरले. त्यासाठी नवी इमारत लागली नाही. ईसीजी फोनवरून पुढे पाठवणं आणि कुणी कुठे न्यायचं हे आधी ठरवणं लागलं. सही करताना नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, रिस्क किती?’ इंजेक्शन न देता तीन तास गाडीत घालवण्याची रिस्कही त्याच वेळी विचारत जा.

ईसीजी नॉर्मल आला. आता घरी जाऊ?

दुखणं चालू असेल तर नाही. पहिला ईसीजी साधा आणि अर्ध्या तासानं काढलेला बिघडलेला, असं होतं. ट्रोपोनिन ही रक्ततपासणीही अटॅकनंतर काही तासांनी वाढते. दुखायला लागल्यावर तासाभरात केलेली निगेटिव्ह आली तर ती पुन्हा करावी लागते. दोन ईसीजी आणि दुसरं ट्रोपोनिन होईपर्यंत थांबा. जुना ईसीजी असेल तर सोबत आणा. तुलना करता आली की निम्मा गोंधळ मिटतो.

जोरात खोकत राहिलं की अटॅक थांबतो, असा मेसेज आलाय. खरं आहे?

नाही. पुढे पाठवू नका.

त्याऐवजी छाती दाबायला शिका. अटॅकमध्ये माणूस शुद्धीवर असतो. हृदय बंद पडलं की तो कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा घरघर लागते. तेव्हा सपाट जमिनीवर निजवून छातीच्या मधोमध तळहात ठेवायचा आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण ५ सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. दुसऱ्यानं १०८ला फोन करायचा. बरगडी मोडेल म्हणून थांबू नका. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं, तळवे चोळणं यात ती मिनिटं जातात.

अँजिओग्राफीत ९० टक्के ब्लॉकेज निघालं. ‘आत्ताच स्टेंट टाका’ म्हणतात. टाकायचा का?

अटॅक चालू असेल किंवा नुकताच होऊन गेला असेल, तर हो. तिथे स्टेंट जीव वाचवतो.

पण पेशंट चालत आला, चढावर छातीत दुखतं आणि थांबल्यावर राहतं, असं महिनोन्‌महिने चालू आहे, तर घाईचं कारण सहसा नसतं. २००७ चा ‘करेज’ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ५,१७९ रुग्णांचा ‘इस्केमिया’, दोन्ही अभ्यासांत असं दिसलं की अशा स्थिर आजारात चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास केल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं, आणि ज्याला पन्नास पावलंही चालवत नाही त्याच्यासाठी तेही थोडं नाही. डाव्या मुख्य नळीत अडथळा, हृदयाचं कमी झालेलं पंपिंग, वाढत चाललेलं दुखणं, अशा वेळी गणित वेगळं.

हे लोकांना पटत नाही, कारण टक्का डोळ्यांपुढे असतो. पण अटॅक आणणारी गुठळी पुष्कळदा पन्नास-साठ टक्केच अडथळा असलेल्या जागी होते. तिथला चरबीचा थर फुटतो आणि त्यावर रक्त साकळतं. स्टेंट एका जागेपुरता असतो, गोळ्या सगळ्या नळ्यांवर काम करतात. कॅथलॅबच्या बाहेर नातेवाइकांना दहा मिनिटांत ‘हो’ म्हणायला लावतात, ती पद्धत मला मान्य नाही. पेशंट स्थिर असेल तर सीडी घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवण्याइतका वेळ असतो.

किमतीचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी एकेका स्टेंटला लाखाच्या पुढे मोजावे लागत. पुढे आकडे थोडे बदलत गेले, पण मर्यादा आहे. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी मागा.

स्टेंट टाकलाय, आता काही त्रास नाही. गोळ्या किती दिवस?

ॲस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) बहुतेकांना कायमचं. क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर (गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या) अटॅकनंतर साधारण वर्षभर. कमी-जास्त करायचं ते डॉक्टरांनी. पहिल्या महिन्यांत हे बंद केलं तर स्टेंटमध्येच गुठळी होते आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा वाईट असतो. दात काढायचा असला तरी दंतवैद्याला स्टेंटचं सांगा, स्वतः गोळी तोडू नका.

पेशंटनं पिशवी टेबलावर उलटी केली की सगळं कळतं. पुण्याच्या दवाखान्याची चकचकीत फाईल, न उघडलेली सीडी. क्लोपिडोग्रेल दोन वेगवेगळ्या नावांनी, दोन्ही चालू. ॲटोरव्हास्टॅटिनची पट्टी अर्धी, कारण ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून सोडली’. बीपीची गोळी कागदात बांधलेली, नाव फाडलेलं. आणि गॅसची पट्टी तेवढी वेळेवर संपलेली.

कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं ते गोळीमुळे. गोळी थांबली की ते महिन्या-दोन महिन्यांत परत वर. अटॅक येऊन गेलेल्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली हवं, असं कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचं २०२४ चं मार्गदर्शन सांगतं. लॅबच्या रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा त्यांच्यासाठी नाही. तपासणी उपाशीपोटीच व्हायला हवी असंही आता राहिलेलं नाही. लिपोप्रोटीन-ए (घराण्यातून येणारी रक्तातली एक चरबी) ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या, विशेषतः घरात कुणी पन्नाशीच्या आत गेलं असेल तर.

स्टॅटिननं लिव्हर खराब होतं, अंग दुखतं म्हणतात. त्यापेक्षा लसूण-लिंबू-आल्याचा काढा किंवा नळ्या साफ करायचं सलाईन बरं नाही का?

अंगदुखी काहींना होते. ती झाली तर डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. लिव्हरला गंभीर इजा फार क्वचित. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधलं त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. इतक्या बारकाईनं तपासलेली औषधं थोडीच आहेत.

काढा जेवणासारखा घ्या, माझी हरकत नाही. त्यानं साठलेला थर विरघळत नाही. ‘ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज गायब’ अशा जाहिरातींमधल्या चिलेशनच्या (शरीरातले धातू बाहेर काढणाऱ्या) सलाईनवर अमेरिकेत मोठा अभ्यास पुन्हा झाला, २०२४ मध्ये निकाल आला, आणि अटॅक होऊन गेलेल्या शुगरच्या रुग्णांना त्याचा उपयोग दिसला नाही. लोक त्यासाठी बैलजोडी विकतात. माझ्या भागात सगळ्यात जास्त राग येतो तो या धंद्याचा.

बीपीची गोळी एकदा सुरू केली की सवय लागते ना?

सवय लागत नाही. आजार राहतो, म्हणून गोळी राहते. चष्म्याला कुणी सवय म्हणत नाही.

बीपी १४०/९० च्या वर पुन्हापुन्हा भरत असेल तर उपचार हवेत. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून बीपी नाही, हा समज घातक आहे. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. ॲम्लोडिपिन, टेलमिसार्टन यांसारख्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोफत मिळतात. जनऔषधी दुकानातही स्वस्त आहेत. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगर तिथे तपासायची असते. आशाताई अर्ज भरायला आल्या तर ‘मला काही नाही’ म्हणून परत पाठवू नका.

घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीला टेबलावर, दंडाला पट्टा. मनगटाचं यंत्र घेऊ नका. चहा, तंबाखू, जिना यानंतर लगेच मोजलेलं धरू नका. दोनदा मोजून दुसरा आकडा लिहा.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. गोळ्यांचं काय करायचं?

बीड, धाराशिव, जालन्याच्या ओपीडीत ऑक्टोबरात गर्दी असते आणि मग चैत्रापर्यंत तेच पेशंट दिसत नाहीत. बीपी-शुगरच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे रेघ येते. गोळी बंद झालेली असते आणि काम वर्षातलं सगळ्यात जड असतं: पहाटे थंडीत कोयता, डोक्यावर मोळी, रात्री गाडी भरणं, झोप चार तास.

निघण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. एका महिन्याच्याच मिळाल्या तर गोळीचं औषधी नाव आणि डोस चिठ्ठीवर लिहून घ्या आणि तिचा मोबाईलवर फोटो काढा. कारखान्याच्या भागातल्या कोणत्याही सरकारी केंद्रात त्यावर गोळ्या मागता येतात. तुमचं गाव तिथलं नसल्यानं काही अडत नाही. कोपीवर डबा उंच, सावलीत ठेवा. मुकादमालाही सांगून ठेवा की कुणाच्या छातीत दुखलं तर आधी गाडी काढायची, उचलीचं नंतर बोलायचं.

पिशवी काढलेल्या बायकांना हृदयाचा धोका जास्त असतो का?

गर्भपिशवीसोबत दोन्ही अंडाशयं कमी वयात काढली असतील तर हो. मासिक पाळी नैसर्गिकपणे थांबण्याआधी बाईच्या रक्तवाहिन्यांना इस्ट्रोजेनचं काहीसं संरक्षण असतं. पस्तिशीत अंडाशयं काढली की ते त्या दिवशी संपतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये मोठी चर्चा झाली, शासनाची समिती नेमली गेली. त्या चर्चेत हृदयाचा विषय फारसा आला नाही. तो यायला हवा होता.

अशा बाईनं चाळिशीची वाट न बघता बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल दरवर्षी बघावं. अंडाशयं ठेवली की काढली हे डिस्चार्ज कार्डावर असतं. कार्ड नसेल तर सोनोग्राफीत बघता येतं. आणि छातीत दुखतंय म्हणून आली तर ‘टेन्शन आहे’ म्हणून तिला परत पाठवू नये, हे आम्हा डॉक्टरांसाठी.

तेल कोणतं खायचं? करडई की सोयाबीन? घाण्याचं की रिफाइंड?

करडई आपल्या मातीतली, परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे वाणही काढले. तेल चांगलं आहे. शेंगदाणा चांगला, सोयाबीनही चालतं. वनस्पती तूप आणि भज्यांच्या कढईतलं पुन्हापुन्हा तापवलेलं काळं तेल तेवढं टाळा.

खरा प्रश्न किती, हा आहे. माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर महिन्याला पाऊण किलो. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा चार महिने जायला हवा. तुमचा दीड महिन्यात संपत असेल तर घाणा की रिफाइंड यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मीठ तर आम्ही वरून घेतच नाही...

वरून घेत नाही, पण ठेचा, लोणचं, पापड, कुरडया, खारे शेंगदाणे, फरसाण चालू असतं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आहे. ज्वारीच्या भाकरीत आपण मीठ घालत नाही, ते उत्तमच. सैंधव मीठ हेही मीठच.

चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. निम्म्या गावांना साध्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराईड असलेलं मीठ दिलं, बाकी काही बदललं नाही. लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. असं कमी सोडियमचं मीठ आपल्याकडेही मिळतं. किडनीचा आजार असेल किंवा टेलमिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, पोटॅशियम वाढतं.

बिडी-सिगारेट नाही, फक्त तंबाखू-चुना आणि घरात मिशरी. त्यानं हृदयाला काय होतं?

निकोटिननं नाडी आणि बीपी वाढतं, मग ते धुरातून येवो की गालफडातून. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू खाणारे निघाले. म्हणजे शहरी माहितीपत्रकावरचं सिगारेटचं चित्र आपल्यासाठी नाहीच. मिशरी हीही तंबाखूच. बोटानं दात घासणाऱ्या आजीला ती दंतमंजन वाटते.

बावीस-पंचवीसची पोरं क्रिकेट खेळताना जातात. लसीमुळे होतंय का?

आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष दिले: करोनाच्या लसीनं धोका वाढलेला आढळला नाही. घरात असा मृत्यू झालेला असणं, करोनासाठी रुग्णालयात राहावं लागणं, मृत्यूच्या आधी खूप दारू किंवा अतिश्रम, यांच्याशी संबंध दिसला. आपल्या लोकांना अटॅक लवकर येतो हे लसीच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. २००४ च्या ५२ देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या अटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ होतं, इतरत्र ५९.

पोरीचे सांधे सुजले होते, डॉक्टरांनी दर २१ दिवसांनी इंजेक्शन सांगितलंय. इतकी वर्षं कशाला?

कारण तिचे सांधे बरे होतील, झडप होणार नाही. घशातल्या जिवाणूच्या संसर्गानंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. सांध्यांची सूज जाते, पण दर नव्या संसर्गासोबत हृदयाची झडप आणखी आखडते. दाटीच्या घरांत हा आजार अजून आहे. बेन्झाथिन पेनिसिलिनचं हे इंजेक्शन तो पुढचा हल्ला रोखतं. झडपेला इजा नसेल तर वयाच्या साधारण २१ पर्यंत, इजा राहिली असेल तर चाळिशीपर्यंतही. इंजेक्शन दुखतं, पोरं रडतात, ॲलर्जीची भीती असते म्हणून काही दवाखाने द्यायलाच नको म्हणतात; मग आईबापही कंटाळतात.

हीच मुलगी विसाव्या वर्षी सातव्या महिन्याची गरोदर असताना दम लागून येते, आणि तेव्हा पहिल्यांदा कळतं की झडप अरुंद आहे. लग्नाआधी, निदान दिवस राहिल्यावर, एक इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. अरुंद मायट्रल झडप फुग्यानं उघडता येते, छाती न उघडता. जपानच्या कांजी इनोउए यांनी ही पद्धत १९८०च्या दशकात आणली. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा मूल घरी ठेवू नका; जन्मजात छिद्रांवरची शस्त्रक्रिया त्यातून मोफत होते.

उन्हाळ्यात आणि रोज्यांत किंवा नवरात्रात गोळ्या कशा घ्यायच्या?

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. लघवीची गोळी चालू असताना घाम, जुलाब किंवा उलट्या झाल्या की बीपी खाली येतं, किडनीवर ताण येतो. उभं राहताना अंधारी आली तर त्याच दिवशी दाखवा. गोळीचा डोस उन्हाळ्यापुरता कमी करावा लागतो. पंपिंग कमी असलेल्यांनी ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला मोजूनच पाळावा.

रोजा धरणाऱ्यांनी रमजानच्या दोन आठवडे आधी यावं; दिवसातून एकदाच्या गोळ्या सहरी-इफ्तारला बसवता येतात. नवरात्रात ‘पाण्याशिवाय काही नाही’ म्हणून गोळीही सोडतात. गोळीनं उपवास मोडत नाही, हे मी देवीच्या पुजाऱ्यांकडूनही वदवून घेतलंय.

स्टेंट टाकलाय. पायी वारी, पायी तुळजापूर जमेल का?

अटॅकनंतर घरातल्या घरात, मग गल्लीत, मग शेतापर्यंत असं वाढवत न्या. बहुतेकांना दीड-दोन महिन्यांत रोज तीन-चार किलोमीटर सहज जमतं. वारीला त्याच्या कितीतरी पट चालणं असतं, तेही उन्हापावसात. इको बघून, चालवून ईसीजी काढून मग ठरवू. जमत असेल तर पैठणहून निघा, पण अर्धा टप्पा गाडीत बसायला लाजू नका, आणि गोळ्यांची पिशवी ट्रकमधल्या वळकटीत टाकू नका, अंगावर ठेवा.

नवीन काय आलंय? त्यातलं आपल्या उपयोगाचं काय?

वर्षातून दोनदा घ्यायचं कोलेस्टेरॉलचं इन्क्लिसिरान आहे, मांडीतून नळी घालून बदलायची झडप आहे. दोन्ही चांगली, दोन्ही महाग.

मला आनंद होतो तो वेगळ्या गोष्टींचा. शुगरची म्हणून आलेली डापाग्लिफ्लोझिन गोळी हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांनाही फायद्याची ठरली, हे २०१९ मध्ये कळलं. २०२० मध्ये तिचं पेटंट भारतात संपलं आणि किंमत मजुराला झेपेल इतकी खाली आली. त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये तसंच झालं. बीपीची, कोलेस्टेरॉलची औषधं आणि ॲस्पिरिन एकाच गोळीत घालायची कल्पना बंगळुरूच्या संशोधकांनी २००९ मध्ये आपल्याच लोकांवर तपासली होती. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अशा गोळ्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. पाच पट्ट्यांऐवजी एक पट्टी म्हणजे पिशवीतला निम्मा घोळ संपेल. ती आपल्या उपकेंद्रात कधी येते, याची मी वाट बघतोय.

योजनेत बसतं का? काय कागद लागतात?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास आणि झडपांच्या शस्त्रक्रिया आहेत. आता ती सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे आणि केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं.

रेशनकार्ड आणि आधार, दोन्हींवर नाव एकसारखं आहे का ते आजच बघा. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर राहिल्यामुळे रात्री बारा वाजता धावपळ झालेली मी पाहिली आहे. दवाखान्यात शिरताच आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, गाठा, तो दारातल्या टेबलावर असतो. तातडीच्या पेशंटला आधी फोनवर नोंद करून दाखल करता येतं, कागद नंतर देता येतात. ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणाले तर तिथूनच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर फोन लावा. दवाखाना योजनेत आहे का, आणि हृदयाच्या उपचारांसाठी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा.